हा संगणक बंद करू नये

शाळेच्या संगणक कक्षात भिंतीवरच्या एका बटणाशेजारी आम्ही कागद चिकटवला होता : ‘हे बटण बंद करू नये.’ दुसऱ्याच दिवशी ते बंद झाले. शाळा सुटल्यावर दिवे-पंखे बंद करत जायचे ही शिपाईमामांची कित्येक वर्षांची शिस्त, आणि ती योग्यच आहे. चूक आमची होती. त्या बटणाच्या पलीकडे काय चालू आहे आणि ते रात्रीसुद्धा चालू का राहायला हवे, हे आम्ही कुणालाच सांगितले नव्हते.

पलीकडे एक जुना संगणक होता. त्याला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. फक्त विजेची आणि जाळ्याची अशा दोन तारा. नववीच्या मुलांनी तयार केलेली पाने (पावसाच्या नोंदी, परिसरातील झाडांची यादी, गणिताची कोडी) त्यावर ठेवलेली होती आणि कक्षातील इतर संगणकांवरून ती वाचता येत होती. थोडक्यात, तो शाळेपुरता वेब सर्व्हर होता.

अशी सूचना चिकटवणारे आम्ही पहिले नव्हतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1990 च्या अखेरीस जगातील पहिला वेब सर्व्हर चालू केला, तेव्हा त्यांच्या संगणकावरही लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी होती. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, असा तिचा आशय. तेव्हा त्या एका संगणकाची वीज गेली असती तर जगातील सगळे वेब बंद पडले असते!

सर्व्हर म्हटले की थंडगार खोलीतली मोठी कपाटे डोळ्यांसमोर येतात. पण सर्व्हर ही संगणकाची जात नाही, ते त्याचे काम आहे. कुणी मागितले की द्यायचे, आणि कुणी मागेपर्यंत वाट पाहायची. तुम्ही एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता टंकता तेव्हा तुमचा संगणक दूरच्या संगणकाच्या 80 किंवा 443 क्रमांकाच्या दारावर टकटक करतो आणि ‘अमुक पान द्या’ अशा अर्थाचा साधा मजकूर पाठवतो. पलीकडचा संगणक ते पान शोधून पाठवतो, किंवा ‘सापडले नाही’ असे कळवतो. त्यासाठीचा 404 हा आकडा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे.

हे काम सोपे वाटते, पण टेबलावरच्या संगणकात आणि यात एक मूलभूत फरक आहे. टेबलावरच्या संगणकासमोर माणूस बसलेला असतो. काही अडले तर तो बंद करून पुन्हा चालू करतो. सर्व्हरसमोर कुणीच नसते. तो महिनोन्‌महिने एकटा चालतो, त्याच्याकडे अनोळखी लोक सतत मागण्या करत असतात, आणि त्यांतल्या काहींचा हेतू चांगला नसतो. हे सगळे सांभाळणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली, आपण सर्रास म्हणतो ती ऑपरेटिंग सिस्टीम. आज जगातील बहुसंख्य वेब सर्व्हर लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीवर चालतात. फ्रीबीएसडीसारख्या तिच्या चुलत भावंडांवर चालणारेही बरेच आहेत. असे का झाले? ‘फुकट मिळते म्हणून’ हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय ते आधी पाहू. थालीपीठाची भाजणी घ्या. तांदूळ, ज्वारी, बाजरी, डाळी, धणे भाजून दळले की पीठ होते. ते खाता येते, पण त्यातून दाणे पुन्हा वेगळे काढता येत नाहीत, प्रमाणही नेमके सांगता येत नाही. संगणकाची आज्ञावली माणूस लिहितो तेव्हा ती वाचता येण्याजोग्या भाषेत असते, हे दाणे. संगणकाला समजावी म्हणून तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतात, हे पीठ. बहुतेक कंपन्या आपल्याला फक्त पीठ विकतात. मुक्तस्रोत आज्ञावलीसोबत दाणेही मिळतात, प्रमाणही मिळते, आणि त्यात बदल करून आपली भाजणी दुसऱ्याला देण्याचा हक्क लेखी परवान्याने मिळतो. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांना 1983 पासून हाच खुलासा करत राहावे लागले आहे.

आता सर्व्हरकडे. लिनक्सचे मूळ घराणे युनिक्सचे. युनिक्सचा जन्म 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. तेव्हा संगणक फार महाग असत. एका यंत्राला अनेक टर्मिनले जोडलेली असत आणि एकाच वेळी अनेक जण काम करत. तेव्हा पहिला प्रश्न हा की माझी फाइल दुसऱ्याच्या हाती लागू नये. म्हणून युनिक्सने प्रत्येक फाइलवर तीन प्रकारच्या माणसांसाठी वेगवेगळी परवानगी लिहिण्याची सोय केली : फाइलचा मालक, त्याचा गट, आणि इतर सर्व. प्रत्येकासाठी तीन गोष्टी ठरवायच्या : वाचता येईल का, लिहिता येईल का, चालवता येईल का.

ही परवानगी लिहिण्याची पद्धत वर्गात जरूर दाखवावी, कारण द्विमान पद्धतीचा इतका रोजच्या वापरातला दाखला दुसरा सापडणे कठीण. वाचण्याला 4, लिहिण्याला 2, चालवण्याला 1. हव्या त्या परवानग्यांची बेरीज करायची. वाचणे आणि लिहिणे म्हणजे 6, वाचणे आणि चालवणे म्हणजे 5, सगळे काही म्हणजे 7. असे तीन आकडे ओळीने लिहिले की काम झाले. 644 म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, गटाला आणि इतरांना फक्त वाचता येईल. 4, 2, 1 ऐवजी 3, 2, 1 घेतले असते तर काय अडचण आली असती, हे मुलांना शोधू द्यावे. (‘3’ म्हणजे फक्त वाचणे की लिहिणे अधिक चालवणे, हे कळले नसते.) आणि प्रश्नपत्रिकेची फाइल शाळेच्या सर्व्हरवर ठेवायची असेल तर कोणता आकडा द्याल, असे विचारून पाहावे. आमच्या वर्गात 600 हे बरोबर उत्तर लगेच आले. एकाने 000 सांगितले. म्हणजे पेपरच होणार नाही!

आम्हाला स्वतःला हा धडा जरा महागात पडला. सुरुवातीला मुलांची पाने दिसेनात, परवानगीची काहीतरी अडचण आहे इतके कळले, आणि घाईत आम्ही सगळ्या फाइलींना 777 देऊन टाकले. सगळ्यांना सगळे खुले. पाने लगेच दिसू लागली. चार दिवसांनी एका गटाच्या पावसाच्या नोंदींच्या जागी क्रिकेटचा धावफलक अवतरला. कुणी केले ते शोधण्यात अर्थ नव्हता. दार आम्हीच उघडे ठेवले होते. मग प्रत्येक गटाला वेगळे नाव आणि पासवर्ड दिला, फाइलींना 644 आणि फोल्डरना 755 दिले. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ याचा अर्थ आत शिरता येणे असा होतो. आमची पहिली अडचण नेमकी तीच होती.

महाग संगणकाची वाटणी करण्यासाठी शोधलेली ही युक्ती पुढे वेबच्या कामी आली, आणि आमच्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत मजेदार भाग आहे. आज एखादी शाळा किंवा पतसंस्था वर्षाला थोडेसे भाडे भरून आपले संकेतस्थळ चालवते, तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र यंत्र नसते. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे भाड्याने राहतात, एखाद्या चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळे, पाण्याची टाकी एक. हे शक्य होते ते ‘एक यंत्र, अनेक मालक’ ही कल्पना कार्यप्रणालीच्या हाडीमासी रुजलेली असल्यामुळे. एवढेच नव्हे, खुद्द पाने वाटणाऱ्या आज्ञावलीलाही ती परकी मानते. 1024 पेक्षा कमी क्रमांकाची दारे उघडण्याचा अधिकार युनिक्सच्या रिवाजानुसार फक्त मुख्य व्यवस्थापकाला असतो. म्हणून वेब सर्व्हरची आज्ञावली व्यवस्थापक म्हणून सुरू होते, 80 क्रमांकाचे दार उघडते, आणि प्रत्यक्ष मागण्या घेण्याचे काम मात्र अधिकार नसलेल्या एका सामान्य सेवकाच्या नावाने करते. त्या सेवकाला कुणी फसवलेच तर नुकसान त्याच्या पोहोचीपुरते राहावे, हा हेतू.

युनिक्स स्वतः मात्र मुक्त नव्हते. बेल प्रयोगशाळा एटी अँड टी कंपनीची. 1956 च्या न्यायालयीन तडजोडीमुळे त्या कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते, म्हणून तिने विद्यापीठांना युनिक्स मूळ आज्ञावलीसह थोडक्या किमतीत दिले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यात मोठी भर घातली. इंटरनेटची भाषा बोलणारा भाग 1983 च्या बर्कली आवृत्तीतून सर्वदूर गेला. पुढे कंपनीवरचे बंधन उठले, युनिक्स हा धंदा झाला, आणि 1992 मध्ये बर्कलीच्या आवृत्तीवरून खटला उभा राहिला. तो 1994 च्या आरंभी मिटला. पण मधली दोन वर्षे नेमकी वेबच्या बाल्यावस्थेची होती. त्याच काळात लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने 1991 साली लिहायला घेतलेले लिनक्स, स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातील साधनांच्या जोडीने, जगभरच्या हौशी लोकांच्या हाती पोचले होते. साध्या घरगुती संगणकावर चालणारे, युनिक्ससारखे वागणारे, आणि कुणाचीही परवानगी मागावी न लागणारे. खटला लढवणाऱ्यांपैकी कुणी याची कल्पनाही केली नसेल.

सर्व्हर चालवणाऱ्यांना दाणे हाती असण्याचा काय उपयोग झाला, याचे चांगले उदाहरण अपाची या आज्ञावलीचे. 1994 मध्ये सर्वाधिक वापरात असलेला वेब सर्व्हर इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात रॉब मॅक्कूल यांनी लिहिला होता. त्यांनी ते केंद्र सोडले आणि काम थंडावले. पण मूळ आज्ञावली सगळ्यांकडे होती. ज्याला जो दोष सापडे तो तो आपल्यापुरता दुरुस्त करी. 1995 च्या फेब्रुवारीत ब्रायन बेहलेनडॉर्फ आणि इतर काही जणांनी ही सगळी ठिगळे एकत्र करायचे ठरवले. एप्रिलमध्ये अपाचीची पहिली आवृत्ती आली आणि वर्षभरात तो जगातील सर्वाधिक वापराचा वेब सर्व्हर झाला. ठिगळाला इंग्रजीत पॅच म्हणतात, त्यावरून या नावावर कोटीही होते. लेखक निघून गेला तरी आज्ञावली पोरकी झाली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

असेच दुसरे उदाहरण. संकेतस्थळे मोठी होऊ लागली तशी एकाच सर्व्हरला एका वेळी हजारो लोक जोडलेले राहू लागले. 1999 च्या सुमारास एका यंत्रावर 10,000 जोडण्या कशा सांभाळायच्या हा मोठा चर्चेचा विषय होता. खरी अडचण मोजण्याची होती. जुन्या पद्धतीत, कुणाला काही हवे आहे का हे पाहण्यासाठी सगळ्या जोडण्या एकामागून एक तपासाव्या लागत. एखाद्या बाईंनी प्रत्येक बाकापाशी जाऊन ‘तुला शंका आहे का?’ असे विचारत फिरावे तसे. तीस मुलांत चालते, दहा हजारांत नाही. उपाय आपल्याला माहीत असलेलाच : ज्याला शंका असेल त्याने हात वर करावा. फ्रीबीएसडीत 2000 साली आणि लिनक्समध्ये 2002 साली अशी ‘हात वर करण्याची’ सोय कार्यप्रणालीच्या गाभ्यात घालण्यात आली. इगोर सिसोएव यांनी 2004 मध्ये खुला केलेला एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर याच सोयीवर उभा आहे. जानेवारी 2012 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने फ्रीबीएसडीवर चालणाऱ्या आपल्या एका सर्व्हरवर एकाच वेळी 20 लाखांहून अधिक जोडण्या झाल्याचे जाहीर केले.

इथपर्यंत वाचून ‘म्हणजे मुक्तस्रोत ते सगळे सुरक्षित’ असे कुणी समजेल. आम्हीही काही वर्षे तसेच सांगत होतो. अनेक डोळे पाहत असतात, त्यामुळे दोष लपत नाहीत, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. 7 एप्रिल 2014 रोजी तो फार वाईट रीतीने उघडा पडला.

बँका, टपाल, दुकाने यांच्याशी होणारे आपले बोलणे सांकेतिक करून पाठवण्याचे काम ओपनएसएसएल ही मुक्तस्रोत आज्ञावली असंख्य सर्व्हरवर करते. तिच्यात ‘जागा आहेस ना?’ असे विचारण्याची एक सोय होती. एक संगणक म्हणतो, ‘मी एक शब्द सांगतो, तो 2 अक्षरांचा आहे, तोच परत म्हण : आंबा.’ दुसरा म्हणतो, ‘आंबा.’ झाले, दोघेही जागे आहेत. आता कुणी लबाडाने असे विचारले : ‘शब्द 500 अक्षरांचा आहे, परत म्हण : आंबा.’ सर्व्हरने अक्षरे मोजायला हवी होती. तो मोजत नसे. तो आपल्या स्मृतीच्या पाटीवर ‘आंबा’ लिही आणि तिथून पुढची 500 अक्षरे वाचून दाखवी. त्या पाटीवर ‘आंबा’च्या शेजारी जे काही पडलेले असे ते बाहेर जाई, दुसऱ्या कुणाचा पासवर्डसुद्धा. एका विचारणेत अशी 64 किलोबाइटपर्यंत माहिती काढता येत असे. हार्टब्लीड या नावाने ओळखला जाणारा हा दोष सुमारे दोन वर्षे सर्वांसमोर खुल्या आज्ञावलीत पडून होता. दुरुस्ती म्हणजे लांबी तपासणारी एक अट; ती त्याच दिवशी आली.

दाणे उघडे ठेवले म्हणून कुणी निवडतोच असे नाही. ज्या आज्ञावलीवर अब्जावधींचे व्यवहार चालत होते ती सांभाळणारी माणसे मोजकी होती आणि त्यांना पैसा जवळजवळ मिळत नव्हता.

2024 च्या मार्चमध्ये याहून गंभीर प्रकार घडता घडता राहिला. फाइलींचा आकार लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाचा सांभाळ एक थकलेला स्वयंसेवक करत होता. दोनेक वर्षे नेमाने मदत करून एका अज्ञात व्यक्तीने त्याचा विश्वास मिळवला, सूत्रे हाती घेतली आणि सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याची चोरवाट त्यात पेरली. पेरताना चलाखी अशी की तिचा मुख्य भाग वाचता येण्याजोग्या मूळ आज्ञावलीत नव्हताच. तो चाचणीसाठीच्या, वाचता न येणाऱ्या फाइलींत दडवला होता. दाण्यांच्या पोत्यात पिठाची पुडी! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. दुसऱ्याने दुर्लक्ष केले असते. ते मुळापर्यंत गेले आणि 29 मार्चला त्यांनी सगळे जाहीर केले. तोवर ती आवृत्ती काही लिनक्स संचांच्या चाचणीच्या प्रतींतच पोचली होती, रोजच्या वापरातल्या स्थिर प्रतींत नाही. मुळापर्यंत जाता आले, कारण ते उघडता येत होते. पण उघडून पाहणारा तो एक होता, हेही विसरता येत नाही.

शाळेने काय करावे, हा प्रश्न शिक्षक आम्हाला विचारतात. शाळेतल्या शाळेत चालणाऱ्या सर्व्हरला दहा-बारा वर्षांचा जुना संगणक पुरतो. आम्ही डेबियन हा लिनक्सचा संच घेतला. हा प्रकल्प 1993 पासून स्वयंसेवक चालवतात, आणि त्याच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या सुमारे पाच वर्षे मिळत राहतात. हा काळ आधी विचारून घ्यावा, कारण तो बदलूही शकतो. सेंटओएस हा सर्व्हरसाठी फार लोकप्रिय संच. त्याची आठवी आवृत्ती 2029 पर्यंत सांभाळली जाईल असे ठरले होते, पण ती 2021 अखेरीसच बंद होईल असे रेड हॅट कंपनीने डिसेंबर 2020 मध्ये जाहीर केले. अनेकांची धांदल उडाली. तथापि मूळ आज्ञावली खुली असल्याने रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे दोन पर्याय 2021 मध्येच उभे राहिले.

बाहेरच्या जगासाठी संकेतस्थळ हवे असेल तर जागा भाड्याने घेणेच बरे. वीज आणि सुरक्षा दोन्हींची जबाबदारी शाळेला पेलवणारी नाही. मात्र कोणती कार्यप्रणाली, कोणती आवृत्ती, आणि आमच्या सगळ्या फाइलींची प्रत आम्हाला हवी तेव्हा मिळेल का, हे लेखी घ्यावे. आमच्या परिचयाच्या एका शाळेचे संकेतस्थळ ज्यांच्याकडे होते त्यांनी गाशा गुंडाळला. ते त्यांच्या खास साधनात बांधलेले होते, त्यामुळे सहा वर्षांचे अंक आणि छायाचित्रे पुन्हा उभी करता आली नाहीत. आमची पाने साध्या फाइलींत होती. ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायला एक दुपार लागली.

सध्या दर शनिवारी नववीची दोन मुले सर्व्हरच्या दुरुस्त्या उतरवून घेतात, फाइलींची प्रत काढतात आणि वहीत तारीख घालून सही करतात. मागच्या सत्रात यंत्र सलग 41 दिवस चालले, मग वीज गेली. बटणाशेजारचा कागद मुलांनी बदलला आहे. आता त्यावर आत काय आहे ते लिहिले आहे, आणि बंद करायचेच झाले तर आधी कुणाला बोलवायचे तेही. शिपाईमामांनी तो वाचला आणि विचारले, “दिवाळीच्या सुट्टीत पण चालूच ठेवायचा का?” दिवाळीत आम्ही तो बंद करतो.